मामा दुकान का सोडत नव्हते

शोरूमच्या वरच्या मजल्यावर काचेची एक खोली आहे. तिथं मुलाखतीला बसले होते तेव्हा समोरच्या मॅनेजरनं विचारलं, "मागची नोकरी का सोडली?"

साधा प्रश्न. आमचं दुकान त्यानं पाहिलेलं होतं, तरी तो सगळ्यांनाच विचारत असणार. पण मला एकदम हसू आलं, आणि हसू दाबायला गेले तर ठसका लागला. त्यानं घाईघाईनं पाण्याची बाटली पुढं केली. मी दोन घोट प्याले आणि म्हणाले, "दुकान बंद झालं." त्यानं मान डोलावली आणि तो पुढच्या प्रश्नाकडं वळला.

त्याला काय सांगणार? हाच प्रश्न मी एका माणसाला कितीदा तरी विचारला होता. दरवेळी नवं उत्तर मिळालं. पुढं तो माणूस दुकान सोडीनासा झाला, तेव्हा उलटा प्रश्न विचारला. त्याचीही उत्तरं मिळाली. ती सगळी उत्तरं मी अजून डोक्यात घेऊन हिंडते, आणि त्यांतलं खरं कोणतं ते मला आजही सांगता येत नाही.

ते आमचे मामा. नात्यानं कुणाचेच नव्हते. गेवराईच्या कापड गल्लीत मालकापासून चहावाल्यापर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणायचे. चकलांब्याहून रोज सकाळच्या एसटीनं यायचे. उंच, थोडे पोक काढून चालणारे, डोक्याला पार टक्कल आणि तरी सदऱ्याच्या खिशात कंगवा. बारा महिने अंगात बिनबाह्यांचा स्वेटर. भर मे महिन्यात, गल्लीतलं डांबर चपलेला चिकटत असतानाही स्वेटर. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "थंडी काय सांगून येती का?"

आणि काखेत तक्क्या. कापडाच्या दुकानात गादी असते, लोड असतात, ते मालकाचे. मामांचा तक्क्या त्यांचा स्वतःचा. छोटासा, विटक्या छिटाच्या अभ्र्याचा. ते ज्या दुकानात काम करत तिथं गादीवर, भिंतीला तो टेकवलेला असे, आणि मामा त्याला पाठ लावून साड्या दाखवत. जोवर तक्क्या भिंतीला आहे तोवर मामा त्या दुकानाचे. ज्या दिवशी ते तक्क्या काखेत मारून पायरी उतरत, त्या दिवशी गल्लीभर होई, "मामा निघाले." चहावाला ओरडून विचारी, "आता कोणाकडं, मामा?" मामा म्हणत, "बघू." मग रमतगमत गल्लीच्या टोकापर्यंत जात, परत येत, आणि मधेच एखाद्या दुकानाची पायरी चढत. त्यांना कुणा मालकानं नको म्हटल्याचं मी ऐकलं नाही. बायका नेहमी येऊन विचारत, "मामा सध्या कुठं हायेत?" आणि जिथं असतील तिथं जात.

मी अप्पांच्या दुकानात लागून फार दिवस झाले नव्हते. नवरा दुसऱ्याचा टेम्पो चालवतो, काम कधी असतं कधी नसतं. मुलगी मोठी व्हायला लागली, तेव्हा मी बाहेर पडले. अप्पा दुकानाचे मालक. घर जुनं लिंगायत व्यापाऱ्याचं, कपाळावर भस्माचे पट्टे, आवाज इतका हळू की गिऱ्हाईक पुढं वाकून ऐके. त्यांच्या पत्नी, काकू, वारल्या होत्या, मुलगा पुण्याला. अप्पांचा डबासुद्धा शेजारच्या घरून दुकानातच यायचा.

एका दुपारी मामा तक्क्या घेऊन पायरी चढले. मी त्यांना तेव्हा प्रथम जवळून पाहिलं. अप्पांनी चष्मा पुसता पुसता वर बघितलं.

"आलात का?"

"आलो."

"चहा?"

"तिकडं घेऊन निघालो."

"म्हंजे तिकडचा शेवटचाच."

"व्हय."

झालं. मामांनी तक्क्या भिंतीला लावला, कोपऱ्यात पडलेल्या उलगडलेल्या साड्या पुढं ओढल्या आणि घड्या घालायला लागले. मला वाटलं, असेल जुनी ओळख. दुकानातल्या दोन तरुण सेल्समनपैकी एक माझ्या कानाला लागला, "दुसऱ्यांदा आलेत. मागच्या टायमाला दिवाळीच्या तोंडावर गेलते. भर गर्दीत."

मला राहवेना. थोड्या दिवसांनी ओळख झाली तशी विचारलं, "मामा, आधीचं दुकान का सोडलं?"

"मालकाचा जावई लई हसतो," मामा म्हणाले.

"हसला म्हणून?"

"जोक न्हाई, काय न्हाई. नुस्ता हसतो. माणूस बेजार व्हतं."

मला ते खरं वाटलं. मग कळलं की त्याच दुकानाबद्दल त्यांनी चहावाल्याला सांगितलं होतं, घड्याळ पाठीमागच्या भिंतीवर आहे, बघून बघून मान धरली. आणि अप्पांनी विचारलं तेव्हा म्हणाले होते, "मालक लई चांगला माणूस हाय. चांगल्या मालकापाशी माणूस म्हातारं व्हतं." हे अप्पांना, म्हणजे नव्या मालकाला, तोंडावर! अप्पा बिचारे दिवसभर विचार करत बसले की हा आपला मान झाला की अपमान.

पुण्याचंही असंच. तरुणपणी त्यांच्या एका मावसभावानं तिथं कंपनीत काम बघून ठेवलं होतं. मामा गेले. "उतरलो, स्टँडवर चहा पिला, अन् दुसऱ्या गाडीनं आलो माघारी."

"का? काम चांगलं नव्हतं?"

"काम लई चांगलं व्हतं."

"मग?"

"चहाबी चांगला व्हता," मामा म्हणाले, आणि साडीची घडी मांडीवर थोपटून सरळ केली.

एकदाच त्यांनी असं काही सांगितलं की मला वाटलं, सापडलं आता. पाऊस लांबलेला, गिऱ्हाईक नव्हतं. मामा वडलांबद्दल बोलायला लागले. वडलांची मेंढरं होती. दिवाळी झाली की कळप घेऊन निघायचे, उमापूरच्या शिवारातून गोदाकाठानं, या गावाहून त्या गावाला. "माझा बाप चारा संपायची वाट बघायचा न्हाई," मामा म्हणाले. "चांगला गुडघ्याएवढा चारा असायचा अन् ह्यो मेंढरं हलवायचा. लोकं म्हणायची, येड लागलं का रं? ह्यो म्हणायचा, चारा संपल्यावर हलवायला मेंढरात जीव तर पायजे."

मी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं की मला मामांचं कोडं उलगडलं. हा माणूस दुकान वाईट झालं म्हणून सोडत नाही, वाईट व्हायच्या आधी सोडतो. नवरा म्हणाला, "हुशार हाय मंग." मलाही वाटलं, हुशारच.

तसं म्हणावं तर मामा आपल्या धंद्यातही काही फार हुशार नव्हते. त्यांना हिरवा आणि निळा कळायचा नाही. लहानपणापासूनच कळायचा नाही, पण कबूल कधीच करायचे नाहीत. उमापूरचं एक कुटुंब लग्नाचा बस्ता बांधायला आलं होतं. नवरीला हिरवी साडी पाहिजे. मामांनी निळी टाकली.

"मामा, ही निळी हाय," नवरी म्हणाली.

"हिरवी हाय."

"अहो निळी हाय!" नवरीची आत्या मधे पडली.

मामांनी साडी उचलली आणि थेट रस्त्यावर गेले. उन्हात धरून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायला लागले. भाजीवाली म्हणाली निळी. एक पोलीस थांबला, तोही म्हणाला निळी. समोरच्या दुकानाचा मालक गादीवरूनच ओरडला, "मामा, निळीच हाय की!" मामा परत आले, साडी गादीवर टाकली आणि म्हणाले, "बाजार आंधळा झालाय."

नवरी इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिनं हिरवी घेतली आणि ती निळीही घेतली. आत्या म्हणाली, "ही कावून घेतली?" नवरी म्हणाली, "आठवण." अशा बायका मामांना शोधत यायच्या. साडी कुठंही मिळते.

आणि खरंच कुठंही मिळायला लागली होती. मुली मोबाईलवर साडी दाखवायच्या, "अशी हाय का?" नसली की तिथंच उभ्या उभ्या मागवायच्या. गल्लीतली दुकानं दुपारी पेंगायला लागली. आणि मग बायपासच्या रस्त्याला ते मोठं शोरूम उघडलं. काचेच्या भिंती, एसी, सरकता दरवाजा, कामगारांना मरून रंगाचे टी-शर्ट आणि अंगठा लावून हजेरी. आठवड्याची ठरलेली सुट्टी, पीएफ. आमचे दोन्ही सेल्समन पहिल्याच फटक्यात गेले. गल्लीतले जवळजवळ सगळे चांगले हात गेले.

मामांना तर बोलावणंच आलं. शोरूमचा मॅनेजर, संभाजीनगरचा तरुण पोरगा, स्वतः दुकानात आला. अप्पांच्या देखत मामांना म्हणाला, "काका, साडी सेक्शन तुम्ही बघा. हाताखाली माणसं देतो." अप्पांनी तोंड फिरवून देवाच्या फोटोकडं बघितलं. मी मनात म्हणाले, आता तक्क्या निघाला.

दुसऱ्या दिवशी मामा शोरूम बघायला गेले. दिवसभर तिथंच होते. संध्याकाळी परत आले, गादीवर बसले, तक्क्याला टेकले.

"कसं हाय?" अप्पांनी विचारलं.

"झ्याक हाय."

"मग?"

"बसायला जागा न्हाई. कामाच्या माणसानं दिवसभर उभं ऱ्हायचं. उभ्यानं साडी दाखवायची म्हंजे पोलिसाला लायसन दाखवल्यागत." आणि ते उद्याच्या एसटीबद्दल बोलायला लागले.

मी चक्रावले. ज्या माणसानं हसऱ्या जावयापायी दुकान सोडलं, त्याला आता सोडायला सगळी कारणं समोर मांडून ठेवलेली. अप्पांच्या दुकानातला चारा संपलेला मला दिसत होता, त्यांना दिसत नव्हता? आणि माझाही प्रश्न होता. मॅनेजरनं जाता जाता मलाही विचारलं होतं. म्हणाला, "आठ दिवसांत सांगा ताई." मी काय करावं ते मामांनाच विचारलं, कारण सोडण्याचा अनुभव गल्लीत त्यांच्याइतका कुणाला नव्हता.

सकाळी विचारलं तर म्हणाले, "जा. आजच जा. इथं काय ठिवलंय?"

मी दुपारपर्यंत मनाची तयारी केली. जेवणं झाल्यावर म्हणाले, "मामा, मग उद्या सांगून येते."

"कोणाला?"

"शोरूममधे."

"कावून जाती? बस की गप इथं."

"अहो, सकाळी तुम्हीच म्हणालात!"

"सकाळी पोट रिकामं असतं, माणूस खरं बोलतं," मामा म्हणाले. "जेवल्यावर शहाणं बोलतं. तुला कोणचं पायजे ते घे."

आता यातून मी काय घ्यायचं? नवरा म्हणे जा, पगार बरा आहे. माझं मन म्हणे, इथं अप्पा कधी एक शब्द बोलले नाहीत, मुलीला ताप आला तर न मागता घरी धाडलं. आठ दिवस असेच गेले. मी गेलेही नाही आणि राहते असंही ठरवलं नाही. नुसती येत राहिले.

आणि मग अप्पांचं वागणं बिघडलं. आधी मामांच्या डोक्यावरचा पंखा दुरुस्तीला म्हणून काढून नेला. तो चालू होता, मला माहीत होतं. मामा स्वेटर घालून खाली बसलेले. म्हणाले, "आता बराबर झालं. वारं डोक्याला लागायचं." मग दुपारचा चहा बंद झाला. मामांनी स्वतःच्या खिशातून मागवायला सुरुवात केली, आणि पहिला कप अप्पांपुढं ठेवायचे. अप्पा तो कप बघत बसायचे, चहा गार होईपर्यंत. मग अप्पा मोठ्यानं शोरूमची स्तुती करायला लागले. त्यांचा आवाज एवढा मोठा होतो हे मला तेव्हा कळलं.

"लई थंड एसी हाय म्हणं तिथं!"

"असू द्या," मामा म्हणायचे. "आपलंबी वाईट न्हाई."

एकदा मामा एसटी चुकल्यामुळं उशिरा यायचे होते. अप्पांनी मला गादीजवळ बोलावलं. "तुला एक इचारू का पोरी? ह्या माणसानं गल्लीतली सगळी दुकानं सोडली. माझं तर एकदा दिवाळीत सोडलं. आता सोडावं म्हणून मी देवाला हात जोडायलोय, तर सोडंनात! कावून सोडंनात?"

"तुम्हाला ते जायला पाहिजेत?"

"मला दुकान बंद करायचं हाय," अप्पा म्हणाले. "पोरगा मागं लागलाय. गिऱ्हाईक न्हाई, माझे गुडघे चालंनात. पण हा माणूस समोर बसलेला असताना कुलूप कसं लावू? आजवर मी कुणाला जा म्हणलेलं न्हाई. ह्यांनी एकदा आपल्या पायानं दुसरं दुकान धरलं, की मी मोकळा."

"आणि मी?"

"तुझं तर बोलणं झालंय की शोरूमवाल्याशी." अप्पांना सगळं माहीत होतं. "तू हुशार हायस. त्यांचं सांग."

मी म्हणाले, "तुम्हीच सरळ विचारा." अप्पांनी घाबरल्यासारखं माझ्याकडं बघितलं.

पण विचारलं, शेवटी. एका मंगळवारी, सकाळपासून एक गिऱ्हाईक नाही अशा दिवशी. मामा एकच साडी उलगडून परत तिची घडी घालत होते, नुसतंच. अप्पांचा बांध फुटला.

"मामा, तुमी जाणार कवा?"

"कुठं?"

"कुठंबी! लोकं तुमाला बोलवायलेत, अन् तुमी इथं बसलात. मला दुकान बंद करायचं हाय!"

मामांनी घडी बाजूला ठेवली. "मग करा की."

"तुमी बसल्यावर कसं करू?"

"मी बसलोय म्हणून तर चालू हाय."

"तेच म्हणायलोय मी!"

"मीबी तेच म्हणायलोय," मामा म्हणाले. "मी गेलो की तुमी लावणार कुलूप. मला ठाऊक न्हाई व्हय? कुलूप लावलं की जाणार घरी. घरी कोण हाय? काकू हायेत का? दोन महिन्यांत आडवं व्हताल. म्हणून बसलोय."

अप्पा उभेच राहिले. "माझ्यासाठी?"

"मग काय माझ्यासाठी? मला बोलावणं हाय की."

"अहो, मी तुमच्यासाठी दुकान चालू ठिवलं!"

"अन् मी तुमच्यासाठी बसलो!"

दोघांचेही आवाज चढलेले. समोरच्या दुकानातून मालक बघायला लागला. मी मधे उभी, कुणाकडं बघावं कळेना. अप्पा खाली बसले. मग अप्पा आपल्या नेहमीच्या हळू आवाजात म्हणाले, "म्हंजे दुकान कोणालाच नको व्हतं."

मामांनी जरा विचार केला. "हिला असंल," ते म्हणाले, आणि माझ्याकडं बोट केलं.

दोघं माझ्याकडं बघायला लागले. मी म्हणाले, "चहा सांगू का?"

चहा आला, तिघांनी घेतला. मला वाटलं, आता झालं. उद्या दोघंही येणार नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले तर दुकान उघडं, अप्पा गादीवर, मामा तक्क्याला टेकलेले, आणि पंखा परत जागेवर! कालचं कुणी काही बोललं नाही. असं ते सगळी लग्नसराई चाललं. मी त्यातून काही अर्थ काढायचा पुष्कळ प्रयत्न केला. कधी वाटे, यालाच जीव लावणं म्हणतात. कधी वाटे, दोन म्हाताऱ्यांना उठायचा कंटाळा आलाय.

लग्नसराई संपल्यावर पुण्याहून मुलगा आला आणि त्यानं दुकान एका मोबाईलवाल्याला भाड्यानं दिलं. अप्पांना घेऊन गेला. शेवटच्या दिवशी मामांनी सगळे ताके नीट लावून दिले, तक्क्या काखेत मारला आणि पायरी उतरले. चहावाल्यानं या वेळी काही विचारलं नाही. मामा गल्लीच्या टोकापर्यंत गेले आणि परत वळले नाहीत.

अप्पा पुण्यात महिनाभरही राहिले नाहीत. परत आले. आणि मी शोरूममधे लागले, ते सुरुवातीला सांगितलंच.

मी रुळले होते तिथं. पाय दुखायचे, पण सुट्टी ठरलेली, पगार ठरलेला. एके सकाळी अंगठा लावायच्या रांगेत उभी होते तर पुढं मामा! मरून टी-शर्ट, त्याच्यावर स्वेटर. मॅनेजर म्हणाला, "काका, स्वेटर चालणार नाही." मला वाटलं, झाली नोकरी. मामांनी मुकाट्यानं स्वेटर काढला, घडी घातली आणि पिशवीत ठेवला. दिवसभर उभे राहिले. तक्क्याही आणला नव्हता.

"मामा, तुम्ही म्हणाला होतात बसायला जागा नाही म्हणून," मी जेवणाच्या सुट्टीत विचारलं.

"तवा पाय दुखत व्हते," मामा म्हणाले.

थोड्याच दिवसांत अप्पा यायला लागले. शोरूममधे गिऱ्हाइकांसाठी मऊ सोफे आहेत. अप्पा सरकत्या दाराशी दबकत थांबायचे, मामा जाऊन त्यांना हाताला धरून आणायचे, सोफ्यावर बसवायचे, पाणी द्यायचे आणि साड्या दाखवायला लागायचे. एकामागून एक. काठपदर, सिल्क, कॉटन. अप्पा काठ चिमटीत धरून बघायचे आणि म्हणायचे, "दुसरी." तासभर हे चालायचं. घ्यायचे काही नाहीत, फार तर हातरुमाल. मग मामा दारापर्यंत सोडायला जायचे. आठवड्यातून एकदा तरी हे व्हायचंच. मॅनेजर वरच्या काचेतून बघायचा. अप्पांना दुकानात पाहिलेलं तो विसरला असावा, कारण एकदा त्यानं मला विचारलं, "हे आजोबा कोण?" मी म्हणाले, "जुनं गिऱ्हाईक."

मला एकदम वाटलं, मामा याच्यासाठीच इथं आले. घरी ते अप्पांना कशाला बोलावतील, आणि अप्पा तरी कशाला जातील? इथं एकाला उभं राहायला कारण आहे, दुसऱ्याला बसायला जागा. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मी मामांना गाठलं आणि म्हणाले, "मामा, खरं सांगा. तुम्ही अप्पांसाठी शोरूम धरलं ना?"

मामांनी छातीवरचा मरून कपडा ओढून बघितला. "मला ह्यो टी-शर्ट आवडला," म्हणाले. "लई दिवसांत नवा हिरवा कपडा मिळाला न्हवता."

त्यांना मरूनही कळत नव्हता की माझी गंमत करत होते, हेही मला कळलं नाही.

आणि मग एक दिवस मामा आलेच नाहीत. ना सांगितलं, ना टी-शर्ट परत केला. मॅनेजर वैतागला, साडी सेक्शनला बायका विचारत येत होत्या. मी चकलांब्याला ओळखीच्यांकडं चौकशी केली, तर लेकीकडं जालन्याला गेले म्हणाले. पुढच्या सुट्टीच्या दिवशी त्यांचाच फोन आला. मागं गल्लीचा आवाज येत होता, कुणीतरी भाव करत होतं.

"इथं एका दुकानात बसायलोय," मामा म्हणाले. "गादी हाय. मालक बरा हाय. पंखा हाय. सगळं बराबर हाय."

"मग बरं झालं की."

"बरं कशाचं? सोडावं लागंल."

"मामा! आणि शोरूम का सोडलं ते तरी सांगा. अप्पा येतील, विचारतील. मी काय सांगू?"

मामा म्हणाले, "काय बी सांग. गिऱ्हाईक आलंय," आणि फोन ठेवला. मी परत लावला तर उचलला नाही.

अप्पा आले, नेहमीप्रमाणे. दाराशी थांबले. या वेळी मी पुढं झाले, हाताला धरलं. हात हलका लागला. सोफ्यावर बसवलं, पाणी दिलं. अप्पांनी इकडंतिकडं बघितलं.

"मामा?"

"सोडलं त्यांनी, अप्पा. जालन्याला गेलेत, लेकीकडं."

अप्पांनी पाण्याचा ग्लास गुडघ्यावर धरला. मी वाट बघत होते, आता 'कावून' म्हणतील. मी दोन-तीन उत्तरं तयार ठेवली होती. एक तब्येतीचं, एक लेकीचं. पण त्यांनी विचारलं नाही. ग्लास हळूच बाजूच्या टेबलावर ठेवला. मला वाटलं आता उठतील. उठले नाहीत.

"मग तू दाखव," अप्पा म्हणाले.

मी साड्या काढायला वळले. शोरूममधे आम्हाला शिकवलेलं आहे, दाखवायच्या आधी गिऱ्हाइकाला एक प्रश्न विचारायचा, म्हणजे काय काढायचं ते कळतं. सवयीनं तोंडातून गेलंच, "कोणासाठी घ्यायची आहे, अप्पा?"

अप्पांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. जरा वेळानं म्हणाले, "त्यांनी कधी इचारलं न्हाई."

मी हाताला आली ती साडी घेतली आणि त्यांच्यासमोर उलगडली, पदर सोफ्याच्या हातावरून खाली सोडला. अप्पांनी वाकून काठ चिमटीत धरला, उजेडाकडं केला, बराच वेळ बघितला.

"दुसरी दाखव," ते म्हणाले.